शनिवारची पाकिटं, बुधवारची सतरंजी : खेळण्यांच्या दुकानात नऊ महिने

डोंबिवली पूर्वेला आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर खेळण्यांचं एक दुकान आहे. दीड गाळ्याचं, खाली विक्री आणि वर पोटमाळा. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि दुकान चालवणाऱ्या ताई मला रोज भाजीवाल्याकडे भेटतात. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या जुलैत, त्यांनी मुलांसाठी वार्षिक सभासदत्व काढलं. १,८०० रुपये भरायचे, महिन्यातून दोन शनिवारी कार्यशाळा, सणावाराचे कार्यक्रम वेगळे पण सवलतीत. बुधवारी संध्याकाळी सहा ते आठ पोटमाळा सगळ्यांना मोकळा, सभासद असा वा नसा, फुकट.

लेक साडेसात वर्षांची, धाकटा तेव्हा तीनचाही नव्हता. मी परळला नोकरीला. शनिवारी सुट्टी असते आणि त्या दिवशी दोन तास कोणीतरी मुलांना ‘घेतंय’ म्हटल्यावर मी पैसे भरताना फार विचार केला नाही, हे कबूल करते.

मार्क आधीच देऊन टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. शनिवारला पाचपैकी अडीच. बुधवारला पाच.

शनिवारचा प्रकार असा. वर गेलं की प्रत्येक मुलाला एक पाकीट मिळतं. त्यात मोजून सामान : कापून ठेवलेला पुठ्ठा, दोन मणी, गोंदाची बोटभर बाटली. समोर तयार नमुना. शिकवणारी मुलगी गोड आहे, पण तिला पाऊण तासात बारा मुलांचं काम संपवून, सगळ्यांना वस्तू हातात धरायला लावून फोटो काढायचा असतो आणि तो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा असतो. त्यामुळे ज्याची कात्री वाकडी चालते त्याच्या हातातून ती काढून घेऊन ती स्वतःच कापते. ऑगस्टमध्ये राख्या केल्या तेव्हा बाराच्या बारा राख्या सारख्या. घरी येऊन लेक म्हणाली, “आई, यातली माझी कुठली, ओळख.” मी चुकले. तीही चुकली होती, टेबलावरून दुसऱ्याचीच उचलून आणली होती.

आणि जिना उतरलात की समोर स्लाइमचं कपाट. हे कपाट तिथे का आहे हे कळायला एमबीए करावं लागत नाही. पहिल्या तीन महिन्यांत सभासदत्वापेक्षा जास्त पैसे मी त्या कपाटात घातले. नंतर पाकीट घरी ठेवून जायला लागले.

शाडूच्या गणपतीची कार्यशाळा चतुर्थीच्या आदल्या शनिवारी होती. ४५० रुपये वेगळे. इथे माझी खरी तक्रार आहे, कारण चूक अज्ञानातून झाली आणि ती टाळता आली असती. माती भिजवून आणलेली होती, पण इतकी सैल की हाताला नुसती चिकटत होती. सोंड, हात, कान सगळं वेगळं वळून नुसतं दाबून बसवलं. जोड खरवडून घेऊन, मध्ये मातीची राबडी भरून मग अवयव चिकटवायचा असतो, आणि सोंडेसारख्या लोंबत्या भागाला आतून काडीचा आधार द्यायचा असतो, हे कोणी सांगितलं नाही. वर भर पावसाळा, हवा दमट. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर सोंड पाटावर पडलेली आणि लेक तिच्याकडे टक लावून बसलेली. रडत नव्हती, ते जास्त वाईट वाटलं.

नवऱ्याने ओली माती लावून ती परत बसवली. संध्याकाळपर्यंत जोडावर भेग. ओली माती वाळताना आकसते, खालची आधीच वाळून बसलेली, मग दोघींचं जमणार कसं? शेवटी शेजारच्या आजोबांनी मार्ग काढला. तुटलेल्या जागी खरवडलं, फडक्याने तो भाग तासभर ओला ठेवला, अर्धी उदबत्तीची काडी खुपसली आणि ताकासारखी पातळ माती लावून सोंड बसवली. मग मूर्ती पंख्याच्या वाऱ्यातही नको, उन्हातही नको, म्हणून कपड्यांच्या कपाटाशेजारी सावलीत. सोंड थोडी वाकडी बसली. आमच्या घरी यंदा तोच बसला आणि दीड दिवसाने बादलीत विसर्जन केल्यावर सोंडच शेवटपर्यंत विरघळायची राहिली होती. ताईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पैसे परत द्यायचा विषय काढला नाही, पण पुढच्या वर्षी मूर्तिकाराला बोलवते म्हणाल्या. बघू.

भोंडल्याबद्दल दोनच वाक्यं. फुटपाथवर पाट, पाटावर खडूचा हत्ती, भोवती वीसेक मुली आणि चार मुलगे, गाणी एकाही आईला पूर्ण येत नव्हती. खिरापत ओळखायची वेळ आली तर डब्यातून चिप्सची पाकिटं निघाली, आणि डबा हलवून वास घेऊन ओळखण्यातली सगळी गंमत त्या चकचकीत पिशवीत बंद.

एक शनिवार मात्र असा झाला की त्याच्यासाठी मी बाकीचे माफ करीन. दिवाळीच्या आधीचा, किल्ल्याचा. त्याच वर्षी जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले होते, अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. दुकानाने थर्माकोलचे तयार किल्ले मागवले होते, आणि ते आलेच नाहीत. गाडी कुठेतरी अडकली. ताईंची धावपळ झाली आणि त्यांनी नाइलाजाने मागच्या बोळात विटांचे तुकडे, गोणपाटं आणि चार पोती माती टाकली. बारा चिठ्ठ्या केल्या, एकेक किल्ला उचला म्हणाल्या. ज्याला रायगड आला तो नाचला. एका मुलाला साल्हेर आला, त्याने “हा कुठे असतो?” म्हणून विचारलं आणि त्याच्या बाबांनी फोन काढला.

आमच्या बाईंना खांदेरी. समुद्रातला किल्ला, थळच्या समोरचा. आधी तोंड वाकडं. मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला पाणी करता येईल. ताईंकडून मोठी जुनी परात मागून आणली, मध्ये विटा रचल्या, गोणपाट चिखलात बुडवून वर पांघरलं. माती घसरून पाण्यात जात होती. पाचसहा वेळा गेली. तिला कोणी मदत केली नाही, कारण प्रत्येकाचा आपापला किल्ला कोसळत होता. शेवटी तिने कडेने खापऱ्या उभ्या लावल्या आणि तटबंदी उभी राहिली. खांदेरीवर दीपगृह आहे हे कळल्यावर माझ्या पर्समधली छोटी विजेरी पुठ्ठ्याच्या नळीत घालून वर रोवली. अळीव पेरून ठेवले होते ते चौथ्या दिवशी उगवले, तोवर परात आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली आली होती. दोन तासांचा कार्यक्रम चार तास चालला. ग्रुपवर फोटो पडले नाहीत, कारण शिकवणाऱ्या मुलीचे हात कोपरापर्यंत मातीत होते. ताईंना मी नंतर म्हटलं, तुमची थर्माकोलची गाडी दर महिन्याला अडकू दे.

जानेवारीतलं बोरनहाण धाकट्यासाठी घेतलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, सगळी हौस. दहा लहानग्यांना एकत्र बसवून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे डोक्यावरून ओतायचे, इथवर छान. पण त्यात भरपूर चॉकलेटं आणि प्लास्टिकच्या छोट्या गाड्या मिसळल्या होत्या, आणि वेचायला मोठी मुलंही सोडली. पुढच्या अर्ध्या मिनिटात जे झालं त्याला विरार लोकलच म्हणावं लागेल. माझा मुलगा मधोमध उभा राहून रडत होता, हातात एक बोर. घरी केलेलं बरं.

फेब्रुवारीतला खेळण्यांच्या अदलाबदलीचा दिवस कल्पना म्हणून उत्तम. घरात पडलेली धड खेळणी आणायची, प्रत्येकामागे एक टोकन, टोकनावर दुसऱ्याचं घ्यायचं. आम्ही तीन दिली, तीन आणली. तिथे एक गोष्ट दिसली ती इथे लिहितेच. एका गाणाऱ्या पुस्तकाचं मागचं झाकण स्क्रूशिवाय लटकत होतं आणि आतला बटण सेल बोटाने निघत होता. धाकट्याने ते उचललं होतं. असा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं, थांबून बघण्यासारखं ते प्रकरण नाही. मी ते पुस्तक सरळ ताईंच्या हातात दिलं. त्यांनी तिथल्या तिथे टेबल लावलं, स्क्रू ड्रायव्हर घेऊन भाच्याला बसवलं आणि बॅटरीचं प्रत्येक खेळणं तपासल्याशिवाय टोकन बंद. हे मला आवडलं. नव्या मालाबाबतही त्या काटेकोर आहेत. १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली आहे. स्टेशनबाहेरच्या टोपल्यांत ती शोधूनही सापडत नाही, इथे गल्ल्यावर विचारलं की खोका उलटा करून दाखवतात.

आता बुधवार. यात दुकानाचं म्हणाल तर काहीच नाही. एक सतरंजी, दोन कॅरम, एक पंखा जो फिरताना कुरकुरतो. शिकवणारं कोणी नाही, वस्तू बनवून घरी न्यायची नाही. पहिले दोन महिने आम्ही गेलोच नाही, कारण फुकट आहे म्हणजे त्यात काय असणार, असं मला वाटलं होतं.

कॅरमपाशी एक निवृत्त काका असतात. समोर कोण आहे, सहा वर्षांचं की सोळा, याने त्यांच्या खेळात फरक पडत नाही. मुद्दाम हरत नाहीत. लेकीने एका बुधवारी राणी घेतली आणि उड्या मारल्या. पुढच्या फटक्यात तिची सोंगटी गेली नाही. काकांनी राणी उचलली आणि मधल्या वर्तुळात ठेवली.

“काका, ही चीटिंग आहे.”

“कव्हर नाही, राणी नाही.”

तिने स्ट्रायकर आपटला आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मी उठणार होते. काकांनी हातानेच मला बस म्हटलं आणि पावडर पसरत राहिले. दुसरं कोणी खेळायला आलं त्याला म्हणाले, डाव चालू आहे. वीस मिनिटं तो पट तसाच. मग ही आली, काही न बोलता बसली, हरली. जानेवारीत मी पाहिलं, एका छोट्या मुलाने राणी घेतली, कव्हर गेलं नाही, आणि हिने राणी उचलून मध्ये ठेवली, अगदी त्याच निर्विकार चेहऱ्याने. तो मुलगा रडला. हिने पावडर पसरली.

सागरगोट्यांच्या आजी मूळच्या सावंतवाडीच्या. त्यांच्याकडचे सागरगोटे खरे, म्हणजे करड्या रंगाच्या बियाच, प्लास्टिकचे नव्हेत. एक वर उडवायचा, तो खाली येईस्तोवर जमिनीवरचे वेचायचे. मोबाइलवर सराईत असलेली बोटं इथे पार गोंधळतात. आजी मात्र आमच्याशी गप्पा मारत, न बघता झेलतात. एकदा त्यांनी माहेरची दशावतारी गंजिफा आणली. गोल पत्ते, हाताने रंगवलेले, एकूण १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मुलांना मासा, कासव, परशू ओळखण्यातच अर्धा तास गेला. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्या हातात त्याने सुरुवात करायची आणि रात्री असेल तर कृष्णाचा, हे ऐकल्यावर सगळी पोरं खिडकीकडे धावली, बाहेर दिवस आहे की रात्र ते बघायला. सव्वासहा वाजले होते, डिसेंबर होता. यावर जो वाद झाला तो आठपर्यंत चालला. अर्ध्या अवतारांत दश्शी मोठी आणि अर्ध्यांत एक्का, हे तर कोणालाच झेपलं नाही. पूर्ण डाव आजवर एकदाही झालेला नाही. तरी दर बुधवारी कोणीतरी “आजी, गोल पत्ते?” विचारतंच.

पैशांच्या बाबतीत एवढं लक्षात ठेवा. पावसामुळे रद्द झालेला शनिवार पुढे ढकलत नाहीत, तो बुडाला. माझे दोन बुडाले. दुसऱ्या भावंडाला सवलत आहे, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. तीन वर्षांखालच्या मुलाला कार्यशाळेत घेऊन जाऊ नका, मणी तोंडात जातात आणि आपणच सगळा वेळ त्याच्यामागे. वाढदिवसासाठी पोटमाळा भाड्याने मिळतो, आम्ही गेलो होतो एकदा पाहुणे म्हणून, पंख्याखाली वीस मुलं आणि केक, त्यापेक्षा सोसायटीची गच्ची बरी. चपला जिन्याखाली काढायच्या असतात आणि लेकीची एक जोडी तिथून बदलून आली आहे. एक नंबर मोठी आहे, चालतेय.

मार्च संपत आला, सभासदत्वाची मुदत जूनअखेर आहे, पण नव्याची घाई आतापासून सुरू झाली आहे. वर्षाचं मी भरणार नाही. शाडू आणि किल्ला असे दोन शनिवार सुटे घेईन, तेही मूर्तिकार खरंच येणार असेल तर. बुधवारसाठी पैसे घेत नाहीत, म्हणून सतरंजीसाठी काहीतरी देऊ का म्हणून विचारलं तर ताई हसल्या, पंख्याचं बघा म्हणाल्या. माझी एकच विनंती होती, सहाऐवजी साडेसहाला सुरू करा, परळहून सहाला कोण पोचतं? “काकांना विचारते,” म्हणाल्या.