टॅबवर पेनने लिहिणाऱ्यांनो, 'पेपर-फील ग्लास'वाल्यांपासून सावध!

१,८५० रुपयांची 'पेपर-फील ग्लास' (कागदावर लिहिल्यासारखं वाटावं म्हणून टॅबच्या स्क्रीनवर लावायची काच), वर ६०० रुपयांचं 'लाइफटाइम रिप्लेसमेंट कार्ड'. एकूण २,४५० रुपये. हातात आली एक मॅट प्लास्टिकची फिल्म.

मी गणिताचे ऑनलाइन क्लास घेतो, दिवसभर टॅबवर एस पेनने (सॅमसंगच्या टॅबचं पेन) लिहितो. काचेवर पेन घसरतं म्हणून बुधवार पेठेतल्या एका दुकानात गेलो. पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल. "सर, पेनच्या टोकाने स्क्रीन जाते, डिस्प्ले बदलायचा खर्च माहितीये ना?" मग सॅम्पलवर पितळी किल्ली खसाखसा घासली. ओरखडा नाही. "नाइन एच आहे सर, हिऱ्याच्या खालोखाल!"

इथेच खटकायला हवं होतं. पितळ काचेपेक्षा मऊ. ती किल्ली टॅबच्या उघड्या काचेवर घासली असती तरी काही झालं नसतं. काचेवर चरे पाडते ती वाळू. पेनचं टोक प्लास्टिकचं, ते काय ओरखडणार? आणि ९एच ही पेन्सिलींच्या कडकपणाची पट्टी आहे, हिऱ्याचा संबंधच नाही. पण समोरचा भराभरा बोलतोय, मागे गिऱ्हाइकं ताटकळलीत, तेव्हा हे कोणाला सुचतं? लावून झाल्यावर लिहून बघायला पेन काढलं, तर म्हणाला, "चोवीस तास लिहू नका, गोंद सेट व्हायचाय." आणि मी पेन परत ठेवलं! आठवलं की अजून अंगाची लाही होते.

नीब, म्हणजे पेनचं टोक, महिनाभरात झिजून तिरकी. स्क्रीनवरच्या पांढऱ्या पानावर रंगीत दाणे दिसायचे. कोपरा नखाने उचलला, तर 'ग्लास' चक्क दुमडली.

दुकानात जाऊन कार्ड दाखवलं. "झीज म्हणजे फिजिकल डॅमेज, ते कव्हर नाही." बिल म्हणजे 'ॲक्सेसरीज' लिहिलेली चिठ्ठी. क्यूआर भलत्याच नावाचा. (पैसे देताना नाव वाचत जा.)

ग्राहक हेल्पलाइनने तक्रार क्रमांक दिला, मग पक्कं बिल मागितलं, मग 'विक्रेत्याचा प्रतिसाद नाही' म्हणून तक्रारच बंद केली. अहो, तो दाद देत नाही म्हणूनच तुमच्याकडे आलो ना? चौकीत ऐकवलं, "टॅब चालतोय ना? मग फसवणूक कसली?" ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, हे खरं. पण क्लास बुडवून तारखांना कोण जाणार? रक्कम लहान, म्हणून चोरही लहान ठरतो का?

प्रोटेक्टर लावूच नका असं म्हणत नाही. चित्रं काढणाऱ्यांना मॅट फिल्मची पकड हवीच असते. त्यांनी जादा नीब आधीच घेऊन ठेवाव्यात. जाड काचेने टोक आणि रेघ यांत अंतर पडल्यासारखं वाटतं. नुसत्या लिखाणाला चांगलं कव्हर आणि धूळ पुसायला मऊ कापड पुरतं. 'लाइफटाइम' कार्डाला एक रुपयाही देऊ नका. आणि "आत्ता लिहू नका" म्हणाला, तर तिथेच, त्याच्यासमोर लिहा. तोवर पैसे सोडू नका.