वेबॅक मशीन : वेबवर मजकूर लिहिणाऱ्यांच्या हाती असायलाच हवी अशी सेवा

दुकानांच्या वेबसाइटचा मजकूर लिहिणं हा माझा धंदा. हाताखाली नवीन कोणी आलं की आधी त्यांना वेबॅक मशीनवर बसवते. वेबसाइटांची पानं जुन्या तारखांना कशी होती ते साठवून दाखवणारी ही इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेची सेवा. फुकट आहे, बघायला लॉगिन लागत नाही, आणि वेबवर विकायची भाषा कशी घडत गेली ते इथे पानोपानी दिसतं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे.

साइटचा पत्ता टाकला की वर वर्षांची पट्टी आणि खाली कॅलेंडर येतं. निळा गोल असेल ती तारीख उघडा. सराव झाला की पत्त्यातला तारीख-वेळेचा १४ आकडी क्रमांक हातानेच बदलायचा, काम भरभर होतं.

१९९६च्या ऑक्टोबरमधलं याहू बघा. कला, व्यापार, शिक्षण, बातम्या अशी ग्रंथालयासारखी विषयवार यादी. आता १९९८च्या डिसेंबरमधलं गूगल उघडा. मधोमध शोधाची खिडकी, हवे ते शब्द तुम्हीच टाका. धंद्याचं सगळं गणित इथे फिरलं. गिऱ्हाईकाने टाइप केलेला शब्दच लिलावात विकता येतो हे गोटू डॉट कॉम या शोधयंत्राने १९९८मध्ये दाखवलं. जाहिरातदार एका क्लिकला किती मोजतो तो आकडा ते निकालासोबत उघड छापत. शोधाच्या शब्दांवर जाहिराती विकणारं गूगलचं अ‍ॅडवर्ड्स ऑक्टोबर २०००मध्ये आलं.

आता त्याच सुमाराची मराठी वर्तमानपत्रांची पानं काढा. बऱ्याच ठिकाणी मराठीऐवजी टिंबं-टोप्या चढवलेली रोमन अक्षरं दिसतील. पान बिघडलेलं नाही. तेव्हा ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा, तो आधी उतरवून घ्यावा लागे. आत साठवलेली असायची रोमन अक्षरांची चिन्हं, देवनागरी फक्त वरचं रूप. वाचकाला मराठी दिसे, शोधयंत्राला त्यातला एकही शब्द कळत नसे. 'पैठणी' शोधून पैठणीवरचा लेख सापडायचा नाही, मग त्या शब्दावर बोली कोण लावणार? मराठीत वेबवरचा धंदा उशिरा उभा राहिला तो गिऱ्हाईक नव्हतं म्हणून, असं आमच्या क्षेत्रात सर्रास बोललं जातं. मला ते अजिबात पटत नाही. प्रत्येक लिपीच्या अक्षराला सगळीकडे एकच ठरावीक क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रुळेपर्यंत आपले शब्द बाजारात पोचतच नव्हते.

अर्धा तारा कापला त्याची कारणं. हा साठा १९९६पासूनचा आहे, त्यामुळे वेबवरच्या जाहिरातींची पहिली दोन मोलाची वर्षं त्यात नाहीत. २७ ऑक्टोबर १९९४ला हॉटवायर्ड या वेबवरच्या मासिकात एटी अँड टी या अमेरिकी फोन कंपनीची बॅनर जाहिरात (पानावरची आडवी पट्टी) झळकली, ती त्या दिवशीच्या पानावर इथे बघता येत नाही. शोधखिडकीत शब्द टाकल्यावर तयार होणारी पानं सहसा साठवलेली नसतात, म्हणजे गोटूचे ते निकाल इथे चाळायला मिळतील अशी आशा धरू नका. शिवाय एकाच पानातला मजकूर आणि चित्रं वेगवेगळ्या तारखांची असू शकतात. जुनी किंमत किंवा ऑफर पुरावा म्हणून दाखवणार असाल तर पानाच्या पट्टीवरचं 'अबाउट धिस कॅप्चर' उघडून प्रत्येक तुकड्याची तारीख तपासा.

आणि 'सेव्ह पेज नाऊ' हे बटण वापरा. दिवाळीच्या सेलचं पान उतरवण्याआधी त्याचा पत्ता तिथे टाकला की त्या दिवसाची नोंद राहते. माझ्या सगळ्या मराठी दुकानदारांना मी हे करायला लावते.