इंग्रजी-मराठी कोश घ्यावा की इंग्रजी-इंग्रजी?

रोजचं इंग्रजी वाचता येतं, पण अग्रलेखात दर परिच्छेदाला एखादा शब्द अडतो, आणि मग कोणता कोश उघडायचा ते ठरत नाही, अशांसाठी हे लिहितोय. छापील की मोबाइलवरचा, हा वाद सोडून देऊ. अर्थ कोणत्या भाषेत वाचायचा एवढंच बघू. मी मराठी माध्यमातला. दहा-बारा वर्षं इंग्रजी-मराठी कोशावर काढली, मग पक्ष बदलला. जुन्या पक्षाबद्दल राग मात्र नाही.

कारण काही शब्दांत मराठी कोशाला तोडच नाही. ‘हेरन’ बघा. इंग्रजी कोश लांब मान, लांब पाय, पाण्याकाठी राहणारा पक्षी असं सांगत बसतो. मराठी कोश ‘बगळा’ म्हणून मोकळा होतो. बिजागरी, कावीळ, गहाणखत, सगळ्यांचं तेच. भावनांतही कधीकधी असं चपखल जमतं. ‘सल्क’ समजावताना इंग्रजी कोशाची पूर्ण ओळ खर्ची पडते. आपल्याकडे ‘रुसून बसणं’ माहीत नाही असं घर नाही.

माझं बिनसलं ते ‘चोखंदळ’ या शब्दावरून. माझ्या वहीत वेगवेगळ्या पानांवर तीन शब्द होते: ‘फास्टिडियस’, ‘डिसर्निंग’ आणि ‘फिनिकी’. तिघांपुढे कोशातून उतरवलेला अर्थ एकच, चोखंदळ. ऑफिसात एका सहकाऱ्याच्या बढतीसाठी दोन ओळी लिहून द्यायच्या होत्या. माणूस आकडेवारीत खरंच काटेकोर. ‘केअरफुल’ फारच साधा वाटला, म्हणून तिघांतला सुटसुटीत बघून ‘फिनिकी’ लिहिला. साहेबांनी मला बोलावून विचारलं, “यांच्यामुळे कामं अडतात का हो?” मला आधी प्रश्नच कळला नाही. मराठीत चोखंदळ म्हटलं की बहुधा कौतुकच असतं. ‘फिनिकी’ म्हणजे मात्र ताटातली प्रत्येक भाजी बाजूला सारणारा. साहेब समजूतदार, ओळ बदलून घेतली. पण घरी येऊन वही चाळली, तर असे किती शब्द एकाच खुंटीला टांगून ठेवलेत ते दिसलं.

शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी कोशात अशा शब्दाशेजारी बारीक अक्षरात खूण असते: हा नापसंतीने वापरतात, हा औपचारिक, हा गमतीने. माझ्या आधीच्या कोशात तेवढीच गोष्ट नव्हती, आणि माझा निकाल तिथेच लागला. तुमचा कोश कदाचित बरा असेल. दुकानात उभ्या उभ्या हेच तीन शब्द काढून बघा.

दुसरी अडचण त्याच्याच पोटातली. ‘मिटिगेट’, ‘अलिव्हिएट’, ‘अस्वेज’ या तिघांचा अर्थ ‘कमी करणे, शमवणे’. चूक काहीच नाही, पण कोण कोणाबरोबर जातो? मराठीत पूर ओसरतो, वादळ शमतं, राग निवळतो. कुणी ‘माझा पूर निवळला’ म्हणालं तर कळेल, पण हसू येईल. इंग्रजीतही तसंच आहे. धोका बहुधा ‘मिटिगेट’ करतात, दुखणं किंवा गरिबी ‘अलिव्हिएट’, आणि मनातली अपराधी भावना ‘अस्वेज’. हे उदाहरणाच्या वाक्यांतून कळतं, आणि ती वाक्यं इंग्रजी कोशात भरपूर असतात.

आता सगळ्यांची भीती: एका शब्दाच्या अर्थात आणखी तीन अवघड शब्द निघाले तर? इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेल्या कोशात तसं होतं, तो घेऊच नका. शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांची गोष्ट वेगळी. त्यांचा एक मूळपुरुष हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होता. त्याचा कोश 1942 मध्ये टोकियोत निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने छापला. परक्याला कुठे अडतं हे त्या मास्तराला रोज दिसत होतं. पुढे लाँगमनने 1978 च्या कोशात अर्थ सांगायला साधारण 2000 सोपेच शब्द वापरायचं बंधन घालून घेतलं. कॉलिन्स कोबिल्ड 1987 चा; तो अर्थच पूर्ण वाक्यात सांगतो. माझा जीव याच्यावर जास्त, पण ती आवडीची गोष्ट झाली.

तरी पहिले काही आठवडे जड गेले. पानाला दोन शब्द व्हायचे, तेही जांभया देत. दहावीच्या पुस्तकातलं इंग्रजीच अजून अडत असेल तर घाई नको, मराठी कोशच बरा. परीक्षेत नुसता समानार्थी शब्द विचारणार असतील तरीही तोच लवकर हाती लागतो. मात्र परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी देतात त्या जीआरई परीक्षेने 2011 मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न काढून टाकले. आता वाक्यातल्या रिकाम्या जागी नेमका शब्द बसवावा लागतो. तिथे ‘चोखंदळ’ तिघांनाही लावून भागणार नाही.

मराठी मी सोडलेली नाही, फक्त तिची पाळी नंतर येते. आधी इंग्रजी अर्थ आणि वाक्यं वाचतो, मग समासात पेन्सिलीने मराठी शब्द लिहितो, पण माझा, कोशातला नाही. ‘डिसर्निंग’पुढे आता ‘पारखी’ आहे. ‘फिनिकी’पुढे ‘सतरा खोड्या काढणारा’. ‘फास्टिडियस’पुढे बरीच खाडाखोड होऊन ‘सोवळ्यातला’ उरलाय, आणि तोही पुरता पटलेला नाही. ‘स्मग’पुढे जुन्या वहीत ‘आत्मसंतुष्ट’ होतं, पण समोरच्याला चिडवणारं ते ओठांच्या कोपऱ्यातलं हसू त्यात येत नाही. तिथला समास कोराच आहे.