वीस लिटरचं ब्रूइंग किट: आठ महिने, अकरा बॅच

घरी बियर करायचं हे किट घेऊन आठ महिने झाले, अकरा बॅच काढल्या, आता लिहितोय. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर अर्धं चुकीचं लिहिलं असतं.

किटमध्ये येतं ते असं: ३० लिटरचं इलेक्ट्रिक पातेलं, आत धान्यासाठी जाळीची बास्केट, वर्ट (यीस्ट टाकण्याआधीचं धान्याचं गोड पाणी) गार करायची कॉइल, झाकणाची प्लॅस्टिक बादली म्हणजे फर्मेंटर (यातच बियर आंबते), एअरलॉक (आंबताना होणारा गॅस बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी पाण्याची नळी), हायड्रोमीटर (द्रवाची घनता दाखवणारा; साधं पाणी १.०००, साखर जितकी जास्त तितका आकडा मोठा), डायल थर्मामीटर, सायफनची नळी आणि बाटल्यांना झाकणं लावायचा कॅपर. पातेल्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तळाला करपत नाही, उकळी जोरात येते, आणि कॉइल लावली की वीस लिटर वर्ट अर्ध्या तासात यीस्ट टाकण्याइतकं गार होतं.

तक्रार आहे ती बादलीच्या झाकणाबद्दल, आणि ही मनापासूनची तक्रार आहे. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय की एअरलॉकमधले बुडबुडे थांबले की बाटल्या भरा. दुसऱ्या बॅचला सहाव्या दिवशी बुडबुडे थांबले, मी फेसासाठी लिटरला साडेसहा ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या आणि खोक्यात ठेवून दिल्या, आणि बाराव्या दिवशी रात्री एकामागून एक तीन फुटल्या. खोकं बंद होतं म्हणून काचा बाहेर आल्या नाहीत, नाहीतर काय झालं असतं याचा विचार अजूनही येतो. पुढच्या बॅचला पाचव्या दिवशीच एअरलॉक शांत झाला तेव्हा हायड्रोमीटर लावला तर रीडिंग १.०२४! म्हणजे आंबणं जोरात चालू होतं, फक्त गॅस एअरलॉकमधून न जाता झाकणाच्या कडेने निघून जात होता. ती बॅच शेवटी १.०१२ वर थांबली. या मधल्या बारा पॉइंटांची साखर म्हणजे आपण बाटलीत फेसासाठी घालतो त्याच्या जवळपास चौपट. त्यामुळे पुस्तिकेतलं ते वाक्य खोडून टाका. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेलं रीडिंग सारखं आलं तरच बाटली भरायची. आणि हायड्रोमीटर साधारण २० अंशांना जुळवलेला असतो, गरम वर्टमध्ये बुडवून घेतलेला आकडा धरू नका.

दुसरी गडबड थर्मामीटरची. सुरुवातीच्या चारही बियर पातळ लागत होत्या, स्टाउट तर एवढी काळीभोर दिसायची आणि तोंडात अंगच (भरीवपणा) नाही. मला वाटलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) कमी पडतंय, म्हणून वाढवलं, अल्कोहोल वाढलं पण अंग काही येईना. मग एकदा थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात धरला तर तो ३ दाखवत होता, आणि दुसरा चांगला थर्मामीटर आणून मॅशमध्ये (गरम पाण्यात भिजवलेल्या धान्यात) लावला तर तिथेही तेवढाच फरक. म्हणजे मी ६७ समजून ६४ वर मॅश करत होतो. आता हे तीन अंश वाचायला किरकोळ वाटतात पण धान्यातल्या स्टार्चची साखर करणारे दोन एन्झाइम असतात, त्यातलं एक साधारण ६२ ते ६५ ला जोमात असतं आणि यीस्टला सगळी खाता येईल अशी साखर करतं, दुसरं ७० च्या आसपास जास्त चालतं आणि यीस्ट खाऊ शकत नाही असा स्टार्चचा अर्धवट तुटलेला भाग मागे ठेवतं, तोच बियरचं अंग. खरे ६८ अंश ठेवून तीच स्टाउट परत केली, जुनी १.००६ ला उतरली होती ती आता १.०१४ ला थांबली आणि पहिल्या घोटालाच फरक कळला.

आता ज्यासाठी एवढं सगळं लिहायला बसलो ते. बियरच्या स्टाइल मला आधी रंगावरून आणि कडकपणावरून कळतात असं वाटायचं. काळी म्हणजे कडक, पिवळी म्हणजे हलकी. हे साफ चूक आहे, गिनीज ड्राफ्टमध्ये अल्कोहोल ४.२ टक्के असतं आणि कितीतरी फिक्या पेल एल त्याच्या वर जातात. काळा रंग येतो तो थोड्याशा खूप भाजलेल्या धान्यातून, बाकीचं माल्ट फिकंच असतं.

सहाव्या बॅचला दुसरी बादली आणली आणि एक प्रयोग केला, तो प्रत्येकाने करावाच. अर्धा गहू, अर्धं पिल्सनर माल्ट (अगदी फिकं माल्ट), हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) अगदी थोडे, एकाच पातेल्यातलं वर्ट दोन बादल्यांत दहा-दहा लिटर. एकात जर्मन गव्हाच्या बियरचं यीस्ट, दुसऱ्यात साधं स्वच्छ चवीचं एल यीस्ट, दोन्ही शेजारी शेजारी, २० अंशांना. तिसऱ्या दिवशी झाकणं उघडली तर एकातून पिकलेल्या केळ्याचा आणि मागून लवंगेचा वास, आणि दुसऱ्यातून नुसता ताज्या पावाचा. एक थेंब केळं नाही, एक लवंग नाही. दादाला दोन ग्लास दिले तर तो म्हणाला, "हे एकाच पातेल्यातलं? शक्यच नाही." पुढे तेच यीस्ट १७ ला लावलं तर लवंग पुढे आली आणि २३ ला केळं. तेव्हापासून कुठल्याही स्टाइलचं नाव ऐकलं की मी आधी विचारतो यीस्ट कुठलं आणि किती अंशांना, रंग नंतर.

आणि पाणी. पिल्सनरची कथा सगळ्यांना माहीत असते, १८४२ साली पिल्झेन (आता चेक प्रजासत्ताकात) गावात योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन ब्रूअरने पहिली सोनेरी लागर (थंडीत आंबवून थंडच मुरवलेली बियर) काढली, पण त्या गावचं पाणी अतिशय मऊ (क्षार कमी असलेलं) आहे हे मला माझी पहिली पिल्सनर बिघडल्यावर नीट समजलं. झाट्स हे पिल्सनरचे चेक हॉप्सच घातले होते, तरी कडवटपणा जिभेला खरखरीत लागत होता, कारण माझं पाणी जड. त्याच पाण्यात स्टाउट मात्र झकास होते, भाजलेलं धान्य आम्लधर्मी असतं, ते जड पाण्याला सावरून घेतं. आता पिल्सनरला निम्म्याहून जास्त आरओचं पाणी घेतो.

लागर करायची असेल तर हे किट पुरत नाही, टेंपरेचर कंट्रोलर लावलेला जुना फ्रिज लागतोच, आणि माझ्या मते खर्च करायचाच तर आधी तिथे करा. शिवाय बादलीच्या झाकणाला जाड रबरी रिंग बसवून घ्या आणि डायल थर्मामीटर पहिल्याच दिवशी बर्फाच्या पाण्यात तपासा. एवढं करणार असाल तर किट जरूर घ्या, मी परत हेच घेईन.

दुसरी पिल्सनर आत्ता फ्रिजमध्ये आहे, १० अंशांना आंबवली, शेवटी तीन दिवस १७ ला आणून आंबताना येणारा लोण्याचा वास घालवला, आता २ अंशांना चौथा आठवडा चालू आहे. काल नळीने थोडी काढून बघितली, कडवटपणा येतो आणि लगेच निघून जातो, खरखर अजिबात नाही. अजून दोन आठवडे हात लावणार नाही.