संध्याकाळच्या विजेसाठी: उदंचन की बॅटरी?

दुपारी सौरऊर्जा मुबलक असते आणि दिवेलागणीला ती नाहीशी होते, म्हणून साठवणीचा खर्च धरल्याखेरीज सौर विजेचा दर पुरता समजत नाही. साठवणीचे एक उदाहरण सह्याद्रीच्या कड्यावर आहे. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून चालू आहे: मागणी कमी असताना शहापूर तालुक्यातील खालच्या धरणाचे पाणी पंपाने अकोले तालुक्यातील वरच्या धरणात चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी चारशे मीटरहून अधिक उंचीवरून सोडून जनित्रे फिरवायची.

या फेऱ्यात साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडी अधिक वीज खर्ची पडते. लिथियम बॅटरीत घट कमी असते. मात्र धरण अनेक दशके टिकते, तर बॅटरीचे संच साधारण दहा-पंधरा वर्षांत बदलावे लागतात. शिवाय बॅटरीचा खर्च साठवणीच्या प्रत्येक तासागणिक जवळपास त्याच पटीत वाढतो, धरणाचा तसा वाढत नाही.

वार्षिक सरासरीवर बेतलेल्या खर्चाच्या प्रारूपात हा फरक दिसतच नाही. तासातासाचे, त्यातही पावसाळ्यातील सलग ढगाळ दिवसांचे गणित मांडावे लागते. माझ्या मते दोन-तीन तासांसाठी बॅटरी, सहा-आठ तासांसाठी उदंचन परवडावे. संशोधनाचा पैसा मात्र बॅटरीकडे वळवावा, कारण २०१० नंतर तिची किंमत सुमारे ९० टक्क्यांनी उतरली आहे, आणि उदंचनाचे पाणी वर-खाली नेणारे बोगदे खणणे काही स्वस्त होत नाही.