एक्सप्रेस की फास्टिफाय? नव्या नोड एपीआयसाठी निवड

नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) नवा एपीआय (प्रोग्रॅमनी एकमेकांशी डेटाची देवाणघेवाण करायचा मार्ग) उभा करायचा ठरला की एक्सप्रेस घ्यायचं की फास्टिफाय, या दोन फ्रेमवर्कमधला पहिला वाद बहुधा वेगावरून होतो. रिकाम्या राउटवर (एपीआयच्या एका पत्त्याला जोडलेला कोड) रिक्वेस्टचा मारा करून मोजलं तर फास्टिफाय पुढे जातं. पण राउटचा बराचसा वेळ पोस्टग्रेस डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात जात असेल, तर हा फरक वापरणाऱ्याला जाणवतही नाही. आमच्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आत येणारा आणि बाहेर जाणारा डेटा कोण तपासणार?

एक्सप्रेस (२०१०) हे काम तुमच्यावर सोडतं. जेसनचं (डेटा लिहायची एक मजकुरी पद्धत) मिडलवेअर, म्हणजे रिक्वेस्ट राउटकडे जाताना मध्ये चालणारा कोड, लावलं की बॉडी (रिक्वेस्टसोबत आलेला डेटा) वाचून हातात मिळते, बस. रक्कम म्हणून आकडा आलाय की भलतंच काही, हे पाहायला झॉड किंवा जॉय हे तपासणीचं पॅकेज आणायचं आणि प्रत्येक राउटवर आठवणीने लावायचं. टीम वाढली की एखाद्या राउटवर ते राहून जातंच.

फास्टिफायमध्ये राउट लिहितानाच त्याला जेसन स्कीमा, म्हणजे डेटात कोणती फील्डं कोणत्या प्रकारची असावीत याचा आराखडा, जोडता येतो. रिक्वेस्ट हँडलरपर्यंत (राउटचं काम करणारं फंक्शन) पोचायच्या आत एजेव्ही हे तपासणीचं पॅकेज ती तपासतं आणि चूक असेल तर ४०० (‘रिक्वेस्ट चुकीची’ हा कोड) परत जातो. उत्तरालाही स्कीमा देता येतो, आणि खरी गंमत तिथे आहे. समजा, ऑर्डरच्या उत्तराच्या स्कीमात आयडी, रक्कम आणि स्थिती एवढंच लिहिलंय. क्वेरीने टेबलातले सगळे रकाने उचलले तरी ग्राहकाचा फोन नंबर बाहेर जात नाही, कारण स्कीमात नसलेलं गाळलं जातं. हाच नियम पुढे चावतो. सवलतीचा नवा रकाना जोडला, हँडलरच्या लॉगमध्ये तो दिसतोय, ब्राउझरमध्ये मात्र नाही, आणि एररही कुठे नाही. अशा वेळी डेटाबेस खणत बसू नका, आधी उत्तराचा स्कीमा उघडा.

आत येणाऱ्या डेटाबाबत दोन डिफॉल्ट पहिल्याच दिवशी ठरवून टाका. फास्टिफाय एजेव्हीला प्रकार बदलायची मुभा देतं: अवतरणातला ५ हा आकडा होतो, पण नल (रिकामी किंमत) आला तर त्याचाही ० होतो. रकमेच्या रकान्यात हे महागात पडतं. दुसरं, स्कीमात जादा फील्डना बंदी घातली तरी ४०० येत नाही. ती फील्डं गुपचूप काढून टाकली जातात. कडक तपासणी हवी असेल तर एजेव्हीच्या पर्यायांत हे दोन्ही बंद करा.

एरर हाताळणीत एक्सप्रेस बरीच वर्षं मागे होतं. चौथ्या आवृत्तीत असिंक (उत्तराची वाट पाहत टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या) हँडलरमध्ये एरर फेकला गेला आणि तो तुम्ही पकडला नाही, तर एरर मिडलवेअरला (एरर हाताळण्यासाठी ठेवलेलं मिडलवेअर) त्याचा पत्ताच लागत नाही. रिक्वेस्ट लटकते, आणि नोड १५ पासून अख्खी प्रोसेसच पडते. २०२४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत असा एरर आपोआप एरर मिडलवेअरकडे जातो. एवढ्या एका कारणासाठीही जुना एक्सप्रेस प्रकल्प पाचव्यावर न्यावा. नेताना दोन ठिकाणी अडकायला होतं: नुसतं तारकेचं चिन्ह (*) टाकलेले राउट आता चालत नाहीत, त्याला नाव द्यावं लागतं, आणि बॉडी वाचलीच गेली नसेल तर पूर्वी रिकामा ऑब्जेक्ट मिळायचा, आता अनडिफाइन्ड मिळतं.

फास्टिफायकडे वळणाऱ्यांना सर्वांत जास्त छळतात ती प्लगिनं, म्हणजे ॲपला जोडायचे कोडचे वेगळे तुकडे. रजिस्टर केलेल्या प्लगिनच्या आत डेटाबेस कनेक्शन जोडलं, तर ते त्या प्लगिनमध्ये आणि त्याच्या पोटातल्या प्लगिनमध्येच दिसतं, शेजारच्या राउटला दिसत नाही. सगळीकडे हवं असेल तर फास्टिफाय-प्लगिन या पॅकेजच्या वेष्टणात घालावं लागतं. ही सीमा एकदा अंगवळणी पडली की मोठा कोड नीट विभागून ठेवायला तिच्यासारखी सोय नाही. असिंक नसलेल्या प्लगिनमध्ये डन (काम संपल्याचं कळवणारं फंक्शन) घेतलं आणि ते बोलवायचं राहिलं, तर सर्व्हर १० सेकंद थांबून टाइमआउटने पडतो. आणि डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) ‘चालू आहे पण बाहेरून लागत नाही’ अशी तक्रार आली तर होस्ट पाहा: फास्टिफाय डिफॉल्टने लोकलहोस्टवरच, म्हणजे त्याच मशीनपुरतं, ऐकतं, तिथे ०.०.०.० (सगळ्या पत्त्यांवर ऐक) द्यावं लागतं.

लॉगिंगसाठी पिनो फास्टिफायसोबतच येतं, आणि टेस्टमध्ये पोर्ट न उघडता इंजेक्ट या मेथडने रिक्वेस्ट देता येते. एक्सप्रेससाठी दोन्ही वेगळं आणावं लागतं, तेही फार अवघड नाही.

नवा जेसन एपीआय असेल आणि टीम स्कीमा लिहायला तयार असेल, तर फास्टिफाय घ्या. पासपोर्ट (लॉगिन हाताळणारं) आणि इतर एक्सप्रेस मिडलवेअरवर उभा असलेला चालू प्रकल्प असेल तर पाचव्या एक्सप्रेसवरच राहा. एक्सप्रेसचं मिडलवेअर फास्टिफायमध्ये चालवायला पूल बांधणारं प्लगिन आहे, पण त्यातून गेलं की फास्टिफायचा वेगही बराचसा हातचा जातो. थोडे थोडे राउट हलवायचे असतील तर पुढे एनजिनएक्स (रिक्वेस्ट योग्य ठिकाणी पाठवणारा सर्व्हर) ठेवून नवे पाथ फास्टिफायकडे वळवा. तेव्हा बॉडीची मर्यादा तपासा: एक्सप्रेसमध्ये ती १०० केबी असते, फास्टिफाय आणि एनजिनएक्समध्ये १ एमबी. ४१३ (‘बॉडी फार मोठी’ हा कोड) आला तर तो तिघांपैकी कोणी दिला हे आधी लॉगमध्ये पाहा.