पणजीतलं भुताचं हॉटेल : एक रात्र, एक बादली, अडीच स्टार

हॉटेलचं नाव टाकत नाहीये, कारण तिथली स्वयंपाक करणारी बाई आणि रात्रपाळीचा पोरगा दोघंही फार चांगले आहेत, उगाच त्यांच्या पोटावर पाय नको. पणजीत मळा-फोंताइन्हासच्या आसपास, एवढंच पुरे.

तर आम्ही फोंड्याचे. पणजी म्हणजे आम्हाला बसने तासाभराचा रस्ता, तिथे रात्र काढायला हॉटेल घ्यायचं हा आईच्या मते शुद्ध येडेपणा. पण पुण्याहून मावसभाऊ आला होता आणि त्याला बीच नको, कॅसिनो नको, त्याला 'हॉन्टेड' कायतरी हवं होतं, मोबाईलमध्ये भूत पकडायचं अ‍ॅप वगैरे घेऊनच आला होता पठ्ठ्या. जुलै म्हणजे ऑफ सीझन, त्यामुळे वरच्या मजल्यावरची मोठी खोली ४,२०० ला मिळाली, टॅक्स वेगळा, नवरा आणि मी पलंगावर आणि भावाला खाली एक्स्ट्रा गादी. निघताना आईने पर्समध्ये अंगाऱ्याची पुडी कोंबली आणि वर टोमणा, "पैसे देऊन भूत बघायला चाललेत, आपल्या देवळामागे फुकट आहे की."

आधी चांगलं सांगते, कारण घर खरंच बघण्यासारखं आहे. चिऱ्याच्या हातभर जाड भिंती, मंगलोरी कौलं, दारात बाल्कांव, म्हणजे छपराचा ओटा, आणि त्यात समोरासमोर दोन दगडी बाक, आणि खिडक्या तर अहाहा, काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या लाकडी पट्ट्यांत बसवलेल्या, दुपारचा उजेड त्यातून दुधासारखा आत येतो. अशा खिडक्या आमच्या आजोळी पण होत्या, मामाने काढून अ‍ॅल्युमिनियमच्या बसवल्या, असो तो विषय नको. चारखांबी पलंग, उंच छत, पायाखाली लाकडी जमीन. फोटो काढायला जायचं असेल तर पैसे वसूल आहेत.

आता मॅनेजर. किल्ली हातात ठेवून जिना चढताना त्याने आवाज खाली आणला आणि सुरू केलं, की तुमच्या खोलीत पूर्वी घरची बाय राहायची, तिचा नवरा मोझांबिकला गेला तो परत आलाच नाही, ती खिडकीत बसून वाट बघायची, अजून रात्री अडीचच्या सुमाराला तिची पावलं वाजतात, गेल्याच आठवड्यात एका मुंबईच्या कपलने ऐकली. पांढरे कपडे होतेच. (भुतांना एकदा तरी कोणीतरी चांगलं लुगडं घ्या रे.) "भियेवंक नाका," असं पण म्हणाला, म्हणजे घाबरायचं नेमकं कधी ते त्यानेच सांगून ठेवलं. माझं लक्ष तेव्हा गादीच्या कुबट वासाकडे होतं, पण भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

संध्याकाळी पाऊस थोडा थांबला म्हणून बाहेर पडलो. सेंट सेबॅस्टियन चॅपल बंद होतं, पण मी पूर्वी आत जाऊन पाहिलंय. तिथला क्रूस मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मचौकशीच्या कोर्टाच्या, वाड्यातला, १८१२ मध्ये ते प्रकरण संपल्यावर पणजीच्या राजवाड्यात आणला आणि तिथून १९१८ मध्ये इथे. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ. एरवी आपण बघतो ती मूर्ती डोळे मिटलेली, मान खाली घातलेली. चौकशीला आणलेल्या माणसाला धाक बसावा म्हणून तशी केली असं लोक सांगतात. ज्यांना खरंच अंगावर काटा हवाय त्यांनी चॅपल उघडं असताना जाऊन त्या क्रूसाकडे बघावं, त्याला तिकीट नाही.

मग चालत मांडवीकडे, आदिलशहाच्या राजवाड्याशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे ना, तिथे. हात पुढे करून उभा असलेला माणूस आणि समोर कोसळत चाललेली बाई. अंधारात पहिल्यांदा पाहिला तर बाहेरचे लोक दचकतात, भाऊ पण दचकला. पुतळा १९४५ चा, करणारे रामचंद्र पांडुरंग कामत, आमच्या फोंडा तालुक्यातल्या मडकईचे, हे मी सगळ्यांना सांगते. फारिया मूळ कांदोळीचे, जन्म १७५६ चा, पाद्री झाले आणि पुढे पॅरिसला जाऊन संमोहनाचे प्रयोग करायचे. तेव्हा लोक समजायचे की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसली तरी चुंबकी शक्ती निघते. हे म्हणाले छे, माझ्या हातात काही नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं, मी फक्त सुचवतो. भावाला हे सांगत होते आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं, अरे, आपला मॅनेजर दुपारी जिन्यावर दुसरं काय करत होता?

रात्री दोन चाळीसला लाईट गेली. इन्व्हर्टर म्हणे फक्त रिसेप्शनला. एसी बंद, पंखा बंद, बाहेर धो धो पाऊस, आणि वर कौलांवरून धपधप काहीतरी पळत गेलं. भाऊ उठून बसला. मी म्हटलं झोप, उदमांजर आहे, आमच्याकडे रोज असतं. मग कोपऱ्यातल्या कपाटाचं दार आपोआप उघडलं, करकर करत, सावकाश. "ताई!" आता खरं सांगायचं तर या वेळी मला पण धस्स झालं, बरं, नवऱ्याला उठवावं तर तो घोरतोय. टॉर्च लावताना पर्स कलंडली आणि लिपस्टिक खाली पडून सरळ खिडकीच्या दिशेने घरंगळत गेली. म्हणजे जमीनच त्या बाजूला उतरती आहे, जुनं लाकूड बसलंय, कपाट पुढे झुकलंय, खिट्टी ढिली, दार उघडणार नाही तर काय. मग मी पायाखाली पेपरची घडी घालून कपाट सरळ केलं. हे काम ४,२०० घेणाऱ्याने करायचं असतं की नाही?

आणि मग पावलं. बाहेर पॅसेजमध्ये, थांबून थांबून. भावाचं अ‍ॅप टुंई टुंई करत होतं (ते संध्याकाळी फ्रिजजवळ पण करत होतं). आमच्याकडे वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात, तो रात्रभर फिरतो म्हणून त्या झिजतात असं म्हणतात, पण हा आवाज वहाणांचा नव्हता, ओल्या रबरी स्लिपरचा होता, चपक चपक. मनात म्हटलं कातर रे भाजी, आणि दार उघडलं. रात्रपाळीचा पोरगा, हातात बादली. "उदक गळटा, बाय," एवढंच म्हणाला बिचारा. पॅसेजमध्ये तीन ठिकाणी गळत होतं आणि भरलेल्या बादल्या रिकाम्या करायला तो दर अर्ध्या तासाने वर येत होता. मुंबईच्या कपलने ऐकलं ते हेच असणार.

कातर रे भाजी माहीत नसेल त्यांच्यासाठी : फारिया तरुणपणी पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचनाला उभे राहिले आणि एवढी मोठी माणसं बघून वाचाच बसली, तेव्हा खाली बसलेला बाप कोकणीत पुटपुटला की ही सगळी भाजी आहे, कातर रे भाजी, आणि पोरगा धडाधड बोलत सुटला. गोव्यात ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते.

पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला आणि ब्रेकफास्टला गरम पोई (आमच्याकडचा पाव), भाजी, कडक चहा, त्या स्वयंपाकवाल्या बाईला माझे पाच स्टार. पण खरी मजा टेबलावर झाली. शेजारी बेळगावचं कुटुंब होतं, त्यांना विचारलं काय, बाय दिसली का? ते म्हणाले कोण बाय, आमच्या खोलीत तर पाद्री आहे, पुस्तक वाचत बसतो. पलीकडे एकटी आलेली एक मुलगी होती, तिला सांगितलेलं की तिच्या खोलीत लहान मूल हसतं, ती रात्रभर लाईट लावून बसली होती आणि लाईट गेल्यावर रिसेप्शनच्या खुर्चीत येऊन झोपली. एका रात्रीत तीन भुतं, गिऱ्हाईक बघून. लग्न झालेल्यांना विरह, फॅमिलीला पाद्री, आणि एकट्या मुलीला मूल, हे मला अजिबात आवडलं नाही, एकट्या बाईला असं घाबरवून ठेवणं यात गंमत कसली?

बिलात 'हेरिटेज वॉक' म्हणून माणशी ३०० लावले होते. वॉक म्हणजे काय, तर तो जिन्यावरून खोलीपर्यंत गोष्ट सांगत चालला तो. भांडून काढायला लावले. गिझरमध्ये पाणी कोमट, टॉवेलला ओलसर वास, गळक्या कौलांबद्दल विचारलं तर "हेरिटेज आहे ना मॅडम". अहो, आमचं घर पण कौलारूच आहे, आम्ही दर पावसाळ्याआधी माणूस चढवून कौलं चाळून घेतो.

अडीच स्टार. दोन घराला, अर्धा बादलीवाल्या पोराला, पोईचे पाच वेगळे धरा.

जायचंच असेल तर पावसाळा संपल्यावर जा, रस्त्याकडची खोली मागा, पॅसेजच्या टोकाची घेऊ नका, टॉर्च न्या, कपाटाखाली घालायला जुना पेपर न्या. आणि जिन्यावर मॅनेजरने आवाज खाली आणला की कातर रे भाजी म्हणायचं आणि हातातली किल्ली घ्यायची.